कम्युनिटी पोलिसिंगची डिग्री करावी का? पेडण्याच्या एका मुलीला दिलेलं सविस्तर उत्तर

तुझा मेसेज वाचला बाये. तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की बारावी आर्ट्स झाली, घर पेडण्यात, पपा म्हणतात साधं बीए कर आणि पीएसआयच्या तयारीला लाग, तुला मात्र पोलिसिंगचीच डिग्री करायचीय, त्यातही लोकांत राहून जे पोलिसिंग चालतं त्याची. तसले कोर्स तुला ऑनलाइन दिसतायत. त्याचा गोव्यात उपयोग काय, शिकवतात काय आणि नोकरी लागेल का, हे तुझे तीन प्रश्न. मी गोवा पोलिसात बीटवर, म्हणजे वाटून दिलेल्या भागात, फिरण्यापासून पोलीस स्टेशन सांभाळण्यापर्यंत सगळं केलंय आणि रिटायर झाल्यापासून क्रिमिनॉलॉजी, सोशल वर्कच्या मुलांना फील्डवर्कला मार्गदर्शन करतो, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो. उत्तर लांब होणार आहे, सवडीनं वाच, पपांनाही दाखव.

नोकरीचं आधी सांगतो कारण घरात त्यावरूनच अडतं. गोव्यात पीएसआयला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, ती इतिहासाची आहे का पोलिसिंगची आहे हे कोण बघत नाही. कोकणी यायलाच हवी, मराठी येत असेल तर उत्तम असं जाहिरातीत असतं, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, मग धावणं, उड्या, लेखी परीक्षा. डीवायएसपी व्हायचं तर गोवा लोकसेवा आयोग, आयपीएस व्हायचं तर यूपीएससी. यातल्या कुठल्याच दारात कम्युनिटी पोलिसिंगच्या डिग्रीला जादा मार्क नाहीत. म्हणजे पपा चुकीचं काही सांगत नाहीत, नुसती वर्दी मिळवायची असेल तर कुठलंही बीए चालेल आणि ते घरात राहून स्वस्तात होईल.

पण वर्दी मिळाल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं काय करायचं हा प्रश्न वेगळा आहे, आणि ही डिग्री त्या वर्षांसाठी आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. वाळपईच्या ट्रेनिंग स्कूलला परेड, कायदा, हत्यार, तपास हे सगळं शिकवतात आणि ते शिकवायलाच हवं, पण एखादा गाव समजून घ्यायला, कोण कुणाशी का बोलत नाही, तक्रार कोण करतो आणि कोण कधीच करत नाही हे बघायची नजर यायला ट्रेनिंगचे महिने पुरणार नाहीत, कुणालाच पुरणार नाहीत. त्याला कॉलेजचाच निवांत काळ लागतो, जेव्हा डोक्यावर बंदोबस्त नसतो, रात्रपाळी नसते, आणि एकाच गोष्टीवर चार महिने विचार करायला मोकळीक असते. ती मोकळीक नोकरीत परत मिळत नाही.

आता यात शिकवतात काय. बहुतेकांना वाटतं कम्युनिटी पोलिसिंग म्हणजे पोलीस आणि पब्लिकची क्रिकेट मॅच, रक्तदान शिबिर, शाळेत जाऊन भाषण, सरपंचाबरोबर फोटो. हे वाईट नाही, ओळख वाढते, पण तेवढंच असेल तर त्याला डिग्री कशाला हवी. खरं काम सुरू होतं ते एकच तक्रार पाचव्यांदा आल्यावर. तेव्हा पुन्हा गाडी पाठवण्याआधी कुणीतरी बसून विचारायला हवं की ही परत परत का येते. १९७९ मध्ये हर्मन गोल्डस्टीन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं हेच मांडलं, की पोलीस खातं आपल्या साधनांतच अडकून पडतं, गाड्या किती, माणसं किती, किती मिनिटांत पोचलो, आणि लोकांची मूळ अडचण सुटली का हे मोजायचं राहून जातं. पुढे १९८० च्या दशकात त्यातून चार पायऱ्यांची एक पद्धत आली, तिला सारा म्हणतात, म्हणजे आधी अडचण हुडकायची, मग तिची कारणं खोदायची, मग उपाय करायचा आणि शेवटी तो उपाय लागू पडला का ते प्रामाणिकपणे तपासायचं. ऐकायला सोपं आहे. करताना सगळे पहिल्या पायरीवरून उडी मारून तिसरीवर जातात, आणि चौथी तर कुणी चढतच नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो म्हणजे तुला कळेल मी कशाबद्दल बोलतोय. मी ज्या पोलीस स्टेशनला होतो तिथल्या एका गावातून एप्रिल-मे आला की भांडणाच्या तक्रारी यायच्या. शिवीगाळ, ढकलाढकली, एकदा एका बाईच्या डोक्याला लागलं. प्रत्येक वेळी आमची माणसं जायची, दोन्ही बाजूंना पोलीस स्टेशनला बोलवायची, समज द्यायची, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहायची आणि सोडायची. गावाचं नावच पडलं होतं भांडखोर म्हणून. त्या वर्षी फील्डवर्कला आलेल्या एका मुलीला मी सांगितलं की मागच्या दोन उन्हाळ्यांच्या नोंदी काढ आणि नुसत्या वारानं, वेळेनं आणि जागेनं मांड, कोण चूक कोण बरोबर यात पडू नकोस. तिनं वहीत रेघा मारून तक्ता केला. सगळी भांडणं रात्री दहा-अकराच्या सुमाराची, बहुतेक एक दिवस आड, आणि सगळी एकाच वळणावरची. त्या वळणावर काय होतं तर पाण्याचा टँकर थांबायचा. टँकर यायचा दिवसाआड, वरच्या वाड्यापाशी उभा राहायचा कारण खाली जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कुणीतरी घर बांधायला आणलेले चिरे रचून ठेवले होते आणि गाडी वळत नव्हती. मग खालच्या वाड्यातल्या बायका कळश्या-कॅन घेऊन चढून यायच्या तोवर वरच्यांची पिंपं भरत आलेली असायची आणि टँकर तळाला गेलेला असायचा. भांडण होणार नाही तर काय होईल. पंच, पीडब्ल्यूडीचा ज्युनिअर इंजिनिअर, टँकरचा ड्रायव्हर आणि आमचा बीटचा हवालदार असे सगळे दिवसाढवळ्या त्या वळणावर उभे राहिले, चिरे हलवायला लावले, टँकर आधी खाली जाईल आणि मग वर येईल असं ठरलं आणि येण्याची वेळ पंचायतीच्या बोर्डावर लिहायला लागले. त्या उन्हाळ्यात पुढे तिथून भांडणाची तक्रार आली नाही. पुढच्या एप्रिलला मी हवालदाराला मुद्दाम परत पाठवलं, चिरे परत आले नाहीत ना बघायला, कारण ती चौथी पायरी.

यात कुणाला अटक नाही, कुठलं कलम नाही, आणि खात्याच्या आकडेवारीत याची नोंदही नाही, कारण न आलेली तक्रार कुठल्या रजिस्टरात लिहिणार. पण त्या बाईच्या डोक्याला परत लागलं नाही. मला विचारशील तर डिग्रीचा सगळा अर्थ त्या रेघा मारलेल्या तक्त्यात आहे. वर्दीतल्या माणसाला तो तक्ता करायला वेळ नसतो आणि बऱ्याचदा तो करायचा असतो हेच सुचत नाही, शिकलेल्या माणसाला सुचतं.

चांगल्या कोर्सात तुला असे अभ्यासही वाचायला देतात की आपल्याला जे उघड वाटतं ते तपासून बघितल्यावर काय निघतं. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ ला पोलिसांनी शहराच्या एका भागाचे गट पाडले, काही बीटमध्ये गस्त बंद केली आणि फक्त कॉल आला तरच गाडी गेली, काहींत नेहमीसारखी ठेवली, काहींत दोन-तीन पट वाढवली. वर्षभरानं बघितलं तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरकच नाही, लोकांना तर गस्त वाढली का घटली हेही फारसं कळलं नव्हतं. त्यानंतर नेवार्क शहरात पायी गस्तीचा अभ्यास झाला, तिथंही गुन्हे काही कमी झाले नाहीत पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. आता हे दोन्ही शेजारी ठेव आणि आपल्याकडे किनाऱ्यावर सीझनला पोलिसांच्या जिप्सी गाड्या फिरवतात त्याचा विचार कर. गाडीत बसून काच वर करून गेलेला पोलीस आणि चालत जाऊन दुकानदाराला नावानं हाक मारणारा पोलीस, पगार सारखाच, परिणाम वेगळा.

आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नकोस. भिवंडीत १९८४ ला भयंकर दंगल झाली होती. नंतर तिथं डीसीपी म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, त्यात पुढारी नाहीत, साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि बरोबर पोलीस. डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत मोहल्ला कमिट्यांचं काम उभं राहिलं, त्यात ज्युलिओ रिबेरो होते, मूळ गोव्याचं घराणं. तामिळनाडूत रामनाथपुरमला १९९३ मध्ये फ्रेंड्स ऑफ पोलीस सुरू झालं. केरळात २००८ पासून जनमैत्री आहे, तिथं बीट ऑफिसरनं आपल्या बीटमधल्या घरांत प्रत्यक्ष जाऊन ओळख ठेवायची असते. शाळेतल्या मुलांची स्टुडंट पोलीस कॅडेट योजनाही केरळातच २०१० ला सुरू झाली आणि २०१८ ला देशभर नेली. तुझे पावणे सावंतवाडी-बांद्याकडे असतीलच, तिथं गावागावात पोलीस पाटील असतो, १९६७ चा कायदा आहे त्याला, आणि २००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम आली. पत्रादेवीची हद्द ओलांडून तू नुसती बांद्याला गेलीस तरी गाव आणि पोलीस यांच्या मधली कडी वेगळी दिसते, आपल्याकडे पोलीस पाटील नाही. दोन्हीकडची गावं घेऊन तुलना केलीस तर एमएचा प्रबंध होईल, आणि मी बघितलंय त्याप्रमाणे ही तुलना फार कुणी केलेली नाही. तंटामुक्तीत एक गोष्ट लक्षात ठेव, मिटवलेल्या भांडणांवर बक्षीस ठेवलं की मिटवल्याचा आकडा वाढवायचा मोह होतो, मग दुबळ्या बाजूला गप्प बसवून पण तंटा मिटतो.

इथं मला थांबून एक गोष्ट ठासून सांगायचीय. कम्युनिटी पोलिसिंग म्हणजे गुन्हा गावात मिटवणं नव्हे. बायकोला मारहाण झाली, मुलीची छेड काढली, पोरावर अत्याचार झाला आणि मग चार वजनदार माणसं पोलीस स्टेशनला येऊन बसली, साहेब घरातलं प्रकरण आहे, देवळात बसून मिटवतो, असं म्हणाली, तर ते कम्युनिटी नव्हे, ती दंडेली आहे. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर घ्यायलाच हवा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला घ्यायचा एफआयआर, आला, ऑनलाइन माहिती द्यायची सोय आली, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौकशी मिटवामिटवीसाठी नाही. मुलांचं असेल तर लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, आणि आपल्या गोव्याचा स्वतःचा २००३ चा चिल्ड्रन्स अ‍ॅक्ट आहे जो देशात इतर राज्यांच्या आधी आला, त्यात वेगळं चिल्ड्रन्स कोर्ट आहे. हे कायदे पाठ असायला हवेत, नाहीतर लोकांत मिसळता मिसळता तू कुणाच्या बाजूला जाऊन बसलीस हे तुलाच कळणार नाही.

त्याला जोडूनच दुसरं. कमिटी म्हटली की त्यात कोण येतात? पंच, देवस्थानचे महाजन, बारवाला, कॉन्ट्रॅक्टर, क्लबचा अध्यक्ष. सगळे पुरुष, सगळे जमीनवाले. भाड्याच्या खोलीत राहणारा कन्नड किंवा ओडिया मजूर नाही, घरकामाला जाणारी बाई नाही, किनाऱ्यावर वाळूत मणी विकणारी पोरगी नाही, मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्याच्या, घरातला पोरगा नाही. आणि पोलिसांशी सगळ्यात जास्त गाठ पडते ती याच माणसांची. ज्या कोर्सात हा प्रश्न विचारत नाहीत तो कोर्स मी तरी सुचवणार नाही. भाडेकरू व्हेरिफिकेशनचंच घे. हवालदार दारात रजिस्टर घेऊन उभा राहतो, नाव काय, गाव काय, आधार दाखव. आतल्या बाईला वाटतं खोली खाली करायला लावणार, ती नवऱ्याचं नाव अर्धवट सांगते, दिराला लपवते, घरमालक भाडं दिसू नये म्हणून माणसं कमी सांगतो, आणि तो फॉर्म खोटा होतो. तोच हवालदार आधी म्हणाला की बाई मी अमुक, हा माझा नंबर, रात्री काय झालं तर ११२ ला लाव, हे कागद कशाला ते असं असं, आणि मग विचारलं, तर त्याच दारात चौघांची खरी नावं मिळतात, वर शेजारच्या खोलीत कोण दारू पिऊन मारतो तेही कळतं. हा फरक शिकवता येतो. मुलाखत कशी घ्यायची, कुठे गप्प राहायचं, कुठे बसायचं, कुठली भाषा काढायची, याचे पेपर असतात सोशल वर्कमध्ये.

गोव्यात याची गरज किती आहे ते मी सत्तरी तालुक्यातला असल्यामुळे जवळून बघितलंय. जानेवारी २०२१ ला शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेच्या मोजणीवरून गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, अश्रुधूर झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली, आणि त्याच महिन्यात सरकारनं तिथला प्रकल्प मागे घेतला. त्यात कोण बरोबर यावर गोव्यात अजून वाद होतील, तो राजकारणाचा भाग सोडून दे. पोलिसिंग शिकणाऱ्यानं तिथं बघायचं ते हे की ज्या गावात वर्षभर बीटचा पोलीस निवांत चहा प्यायला गेलेला नसतो तिथं तो पहिल्यांदा हेल्मेट घालून गेला तर गावाला तो कोण वाटणार. आणि त्या हेल्मेटखालची पोरंही बहुतेक आपल्याच तालुक्यांतली, त्यांचं काय होत असेल त्या दिवशी. तसंच मे २०२५ ला शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्या जत्रेत दरवर्षी येणाऱ्या धोंडांना, म्हणजे व्रत करणाऱ्या भक्तांना, तो उतार, ती गर्दी, कुठल्या वेळी लोंढा कुठून येतो हे पायाखालच्या वाटेसारखं माहीत असतं. ते माहीत असलेलं बंदोबस्ताच्या कागदावर कसं आणायचं, हा कम्युनिटी पोलिसिंगचाच प्रश्न आहे, आणि शिगमो, कार्निव्हल, जुन्या गोव्याचं फेस्त, सगळीकडे तो आहे.

तुझ्या पेडण्याचंच बघ ना. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ चालू झाला, त्याबरोबर टॅक्सीवाल्यांचे वाद आले, बाहेरून कामगार आले, हरमल-मोरजी तर आधीच वर्षभर भरलेलं, आणि आतल्या गावांत अजून संध्याकाळी देवळात दिवा लागला की सामसूम. एकाच तालुक्यात तीन वेगळे गोवे आहेत. माझ्या मते आज गोव्यात कम्युनिटी पोलिसिंग शिकायला पेडण्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि तू तिथंच जन्मलीस.

आता कुठं शिकायचं. नुसत्या कम्युनिटी पोलिसिंगच्या नावाची पदवी भारतात शोधत बसलीस तर फार हाताला लागणार नाही, हा विषय क्रिमिनॉलॉजी, पोलीस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि सोशल वर्क या तिघांत वाटलेला आहे. गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, २०२० च्या कायद्यानं ते केंद्राच्या गृहखात्याखाली आलं, तिथं पोलीस आणि सुरक्षेशी जोडलेले कोर्स आहेत. जोधपूरला सरदार पटेल पोलीस विद्यापीठ आहे. आपल्याला जवळ म्हणजे धारवाड, कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचं एमए आहे, गोव्यातून बसनं जाता येतं आणि खर्च परवडतो. मुंबईत टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तिथं सोशल वर्कमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस हा विषय घेता येतो, आणि मला वैयक्तिक तोच सगळ्यात आवडतो, कारण त्यांनी पुस्तकाबाहेर काम उभं केलंय, १९८४ ला मुंबई पोलिसांबरोबर बायका-मुलांसाठी स्पेशल सेल, म्हणजे पोलिसांच्याच जागेत बसणारी सोशल वर्कर, आणि १९९० पासून प्रयास, जे पोलीस स्टेशनला आणि तुरुंगात काम करतं. फोंड्याजवळ राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस आलाय पण तिथं रोख फॉरेन्सिक आणि सायबरवर, तू आर्ट्सची आहेस तर नीट बघून ठरव. घरबसल्या करायचं तर इग्नूचं क्रिमिनल जस्टिसचं पीजी डिप्लोमा आहे, नोकरी लागल्यावरही करता येतं.

तू पाठवलेल्या लिंकांपैकी काही कोर्स परदेशातले आहेत. इंग्लंडमध्ये पोलिसिंगच्या डिग्र्या चांगल्या आहेत पण त्या तिथल्या भरतीला जोडलेल्या आहेत, आणि तिथं कॉन्स्टेबल व्हायला तिथंच कायम राहायचा हक्क लागतो. पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन आधीच स्थिरावलेल्या आपल्या मुलांना तो मार्ग असेल, तुला कर्ज काढून जाण्यात अर्थ नाही. ऑनलाइनवाल्यांचं म्हणशील तर फी भरण्याआधी यूजीसीच्या साईटवर विद्यापीठ मान्य आहे का, आणि दूरशिक्षणाच्या यादीत तो कोर्स त्या वर्षासाठी आहे का, हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एजंट पाठवतो तो स्क्रीनशॉट धरू नकोस. पदवी अमान्य निघाली तर पीएसआयचा फॉर्मच बाद.

कोर्स चांगला का वाईट हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो, फील्डवर्क. आठवड्यात किती दिवस, कुठल्या जागी, बरोबर सुपरवायझर असतो का, आणि शेवटी मुलांनी काय लिहिलं ते बघायला देतात का. पोलीस स्टेशनला एक दिवस नेऊन लॉकअप दाखवून, पीआय साहेबांबरोबर फोटो काढून परत आणतात त्याला फील्डवर्क म्हणत नाहीत. मागच्या मुलांचे दोन-तीन प्रबंध मागून वाच. त्यात दहा टक्के सहमत, साठ टक्के पूर्ण सहमत असले गूगल फॉर्मचे तक्ते असतील तर सोड. कुणीतरी एखाद्या बसस्टँडवर, बाजारात, जेटीवर महिनोन्‌महिने बसून लिहिलंय असं दिसलं तर तिथं अ‍ॅडमिशन घे, बिल्डिंग कशी का असेना. शिकवणाऱ्यांत निदान एक तरी पोलिसात काम केलेला आणि निदान एक तरी पोलिसांच्या विरुद्ध केसेस लढलेला किंवा पीडितांबरोबर काम केलेला असावा. दोन्ही बाजू एका वर्गात बोलल्या तर तुला खरं कळेल. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्याराज्यांत पोलीस तक्रार प्राधिकरणं आली, गोव्यातही आहे, तिथं कसल्या तक्रारी जातात हे वर्गात शिकवत नसतील तर तो कोर्स अर्धाच.

मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. आता गोव्यातच राहून सोशल वर्क किंवा सोशिऑलॉजीची पदवी, पणजीला बीएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची पदवी, करता येतं, नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष रिसर्चचंही घेता येतं. त्याच वेळी रोज सकाळी धावायला सुरुवात, कारण पीएसआयची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो आणि आली की शरीर एका महिन्यात तयार होत नाही. पदवी झाली की जाहिरात असेल तर फॉर्म भर, नसेल तर धारवाड किंवा टिस. यात पपांचंही राहतं, तुझंही राहतं. आणि वर्दी नाहीच मिळाली तरी हे शिक्षण फुकट जात नाही, बालकल्याण समितीबरोबरचं काम, महिलांसाठीची मदत केंद्रं, प्रोबेशन ऑफिसर, कोर्टात पीडितांना साथ देणाऱ्या संस्था, सायबर फसवणुकीबद्दल गावोगाव जागृती करणाऱ्या संस्था, सगळीकडे अशी माणसं लागतात. हल्ली तर फसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर माहीत नसतो, पोरं परदेशात, घरात एकटी आजी, आणि फोनवरचा माणूस सांगतो तुम्हाला डिजिटल अटक झालीय. त्या आजीपर्यंत पोस्टर पोचत नाही, ओळखीचं माणूस पोचतं.

भाषा वाढव. मराठी-कोकणी आहेच, हिंदी नीट बोलायला शीक, आणि जमलं तर कामापुरती कन्नड, धारवाडला गेलीस तर आपोआप येईल. दक्षिण गोव्यात सासष्टी तालुक्यात पोस्टिंग झालं तर रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, लिहिलेला अर्ज वाचता आला पाहिजे. हे कुठल्या सिलॅबसात नाही पण बीटवर पहिल्या दिवशी लागतं.

अ‍ॅडमिशनला अजून वेळ आहे तोवर एक काम करून बघ. तुमच्या पंचायतीची रविवारची ग्रामसभा असते, तिला सलग तीन-चार वेळा जा, मागे बस, बोलू नकोस. कुठली तक्रार परत परत येते, ती कोण मांडतं, कोण उठून तिला गप्प करतं, आणि कुठल्या वाड्याचं कुणीच आलेलं नसतं, एवढंच वहीत लिही. मग त्या न आलेल्या वाड्यात एखाद्या ओळखीच्या बाईबरोबर जा आणि विचार तुम्ही का येत नाही. हे करताना तुला कंटाळा आला तर साधं बीए कर आणि परीक्षेची तयारी कर, त्यातही काही कमीपणा नाही. घरी येऊन झोप लागली नाही, वही परत उघडाविशी वाटली, तर ती वही आणि ज्या कोर्सांचा विचार करतेयस त्यांचे सिलॅबस मला पाठव. फील्डवर्कची पानं आधी वाचू, फीचं नंतर बघू.